गिरजाबाईची चाल

चाल गिरजाबाई लांजेवार यांची, बोल सीताराम लांजेवार यांचे. हे आधी लिहून टाकते आणि मगच पुढे जाते, कारण आमच्या मंडळीत तशी रीत होती. गाणं कुणीही मागावं, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, बसवून शिकवायचं. पण म्हणणाऱ्यानं तोंड उघडायच्या आधी ज्याचं गाणं त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय पेटीवाला भाता हलवायचा नाही की ढोलकीवाला थाप मारायचा नाही. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात दंडार, म्हणजे गाण्यानाचाचं आमचं नाटक, उभी राहायची तेव्हापासूनची ही रीत. ती माणसं भिलाईला लोखंडाच्या कामावर आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर रीतही घेऊन आली. गिरजाबाई म्हणजे माझी माय, सीताराम म्हणजे माझे बाबा. आणि ज्या माणसानं मायचं नाव गिळलं त्याचंही नाव मी लिहिते, कारण मी काही त्याच्यासारखी नाही: वसंतराव केळापुरे, राहणार दुर्ग. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. या वयात माणसानं सगळ्यांना माफ करावं म्हणतात. ज्यांना करायचं त्यांनी खुशाल करावं.

ही चाल जन्मली चिखलात. आमच्याकडे धानाची रोवणी बाया करतात, ओळीनं, वाकून, मागे मागे सरकत. चार रोपं खोचली की एक पाय चिखलातून उपसायचा, मागे टाकायचा, पुन्हा वाकायचं. मायला लग्नाआधी, तिच्या बापाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, ती चाल सुचली. सुचली म्हणजे काय, तिलाही सांगता यायचं नाही. "आली तोंडात" एवढंच म्हणायची. पण त्या चालीत ओळ संपता संपता एक थांबा होता. सूर अर्ध्यावर सोडून एक श्वासभर गप्प, मग पुढचा शब्द. ज्यानं रोवणी पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही की त्या थांब्यात बाईचा पाय चिखलातून निघतो. तिच्या बरोबरच्या बायांनी ती चाल उचलली, लग्न होऊन गावोगाव गेल्या, आणि जिथं गेल्या तिथं रोवणीला म्हणत राहिल्या. तरी मायच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं की चाल गिरजाची.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा तिथं शहर नव्हतं, लाल माती होती आणि उभं राहत असलेलं लोखंड होतं. आधी कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत राहिलो, मग सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. पक्कं छत, नळ, आणि मागच्या अंगणात मायनं पहिल्याच आठवड्यात लावलेली अंबाडी. दिवसभर कुठं ना कुठं रिव्हेट ठोकल्याचा आवाज यायचा. तो थांबला की आम्ही पोरं खेळता खेळता वर पाहायचो. धुतलेलं धोतर वाळेपर्यंत लाल धुळीनं गुलाबी व्हायचं. माय लाखोळीच्या डाळीचे वडे करायची, शेजारची छत्तीसगढी बाई तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा पाठवायची, आणि शिफ्टचा भोंगा झाला की दोन्ही घरांत एकदम ताटं मांडली जायची. बाबा रिगर होते. मोठमोठे गर्डर साखळी आणि कप्पीनं उचलून जागेवर बसवायचे, हे त्यांचं काम. गँगमधली सगळी आमच्याकडचीच माणसं. साखळी ओढायला एक ठेका लागतो. बाबांनी मायची चाल लावून पाहिली आणि ती चपखल बसली: ओळ म्हणायची, आणि थांब्यात सगळ्यांनी मिळून खेचायचं. ज्या श्वासात माय पाय उपसायची त्या श्वासात भिलाईचं लोखंड वर चढत होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, बाबांचा डबा घेऊन गेले होते तेव्हा, फाटकाच्या आतल्या शेडजवळून.

मग त्या गँगनं नाटक करायचं ठरवलं. बाबांनीच लिहिलं, नाव ठेवलं 'भट्टीचं लगीन'. शेतकऱ्याचा एक गडी लोखंडाच्या भट्टीच्या प्रेमात पडतो आणि बायकोला रोवणीत सोडून निघून येतो, अशी गोष्ट. त्यात त्या बायकोचं गाणं हवं होतं. बाबांनी मायची चाल घेतली आणि बोल लिहिले:

हाक मार गा बांधावरून
पाण्यात पाय माहे, येऊ कशी

पहिल्या प्रयोगाला बाबा पुढे आले आणि सेक्टर दोनच्या मैदानावर, शेसव्वाशे माणसांसमोर म्हणाले, "चाल गिरजाबाईची, बोल माहे." बायकोचं नाव! चारचौघांत! माणसं फिदीफिदी हसली, बायांनी पदर तोंडाला लावला. आमच्या वस्तीत बाईला नाव नसायचंच मुळी. मायला सगळे "सुमीची माय" म्हणायचे, कारण मी सुमन, थोरली. शेजारणी वर्षानुवर्षं अंगण वाटून घेत आणि एकमेकींची खरी नावं त्यांना ठाऊक नसत. माय त्या दिवशी घरी येऊन बाबांवर खेकसली, "लाज नाई वाटत तुमाले?" पण दुसऱ्या प्रयोगाला ती पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून बसली, आणि नाव आलं तेव्हा तिनं मान खाली घातली नाही. तेवढी एकच जागा होती जगात, जिथं तिचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं.

केळापुरे मास्तर आमच्याकडे आले ते दुसऱ्या वर्षी. दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, शाळेत संगीत शिकवायचे, पांढरा सदरा, कपाळावर गंधाची बारीक रेघ. आमचं नाटक कुणाकडून तरी ऐकून सायकल मारत आले आणि म्हणाले, "तुमच्या मंडळीला थोडं वळण लावतो." सहा महिने ते दर रविवारी यायचे. मला पेटी त्यांनीच शिकवली, हे नाकारून चालणार नाही. बोटं चांगली वळतात म्हणून पाठ थोपटायचे. दुपारी आमच्याकडेच जेवायचे. मायचे लाखोळीचे वडे मागून मागून खायचे आणि म्हणायचे, "वहिनी, असं दुर्गात मिळत नाही." एका रविवारी त्यांनी बाबांकडे ते गाणं मागितलं. बाबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. शिकलासवरलेला माणूस आपलं गाणं मागतो! बाबांनी शब्द दिले, मायनं चौकटीत उभं राहून चाल सांगितली, चार वेळा, पाच वेळा. "आणि मास्तर," बाबा म्हणाले, "म्हणन्याआधी नाव घ्या लागते. आमची रीत हाय."

"अगदी घेईन, सीतारामजी," मास्तर म्हणाले.

त्याच सुमारास गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. प्लान्टमधल्या एका रशियन साहेबाकडे दोन चाकांचं टेपचं यंत्र होतं. तो दुभाष्याला घेऊन तालमीला आला. बाबा रीतीप्रमाणे म्हणाले, "चाल गिरजाबाईची." साहेबानं हात वर करून यंत्र थांबवलं आणि दुभाष्याला विचारलं, हे काय म्हणतात? दुभाष्यानं सांगितलं. तो थोराड साहेब मानेपर्यंत लाल झाला. त्यानं मायकडे वळून "गिरजा, गिरजा" असं दोनदा घोकलं, मान लववली, आणि पुन्हा सुरुवातीपासून, नावासकट सगळं टेप केलं. मास्तर तिथंच सतरंजीवर बसून चहा पीत होते. त्यांनी हे सगळं पाहिलं. म्हणून पुढे त्यांच्या तोंडी ते नाव आलं नाही, त्याचा मला इतका संताप येतो.

नंतर मास्तर यायचे बंद झाले. मुंबईला गेलेत, असं कळलं. पाऊस संपून हवा कोरडी झाली होती, माय सुपात तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती आणि शेजारच्या बाईचा रेडिओ खिडकीत लावलेला होता. चाल वाजायला लागली. मी धावत बाहेर आले. गात होते केळापुरे. शब्द धुऊन इस्त्री केलेले:

साद घाल रे तीरावरूनी
जळात पाऊल, येऊ कशी

बांधाचा तीर झाला, पाण्याचं जळ झालं. बांधीत कुठला आलाय तीर! आणि तो थांबा, मायचा थांबा, त्यात ह्या माणसानं व्हायोलिन भरलं होतं. त्याला वाटलं असेल, जागा रिकामी राहिली आहे. गाणं संपलं आणि निवेदक म्हणाला, गायक आणि संगीतकार वसंतराव केळापुरे. मायचे हात सुपात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणे तो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अस्सं," आणि परत खडे वेचायला लागली. त्या दिवसापासून तिनं ती चाल कधी गुणगुणली नाही. भाजी चिरताना नाही, धाकट्याला झोपवताना नाही. घरातला एक आवाज बंद झाला, आणि तो कुणी बंद केला हे मला नावानिशी ठाऊक होतं.

बाबांचं वेगळंच. त्यांना आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं, मग ते मास्तरांची बाजू घेऊन बसले. "अवं, रेकॉर्डवर जागा किती असते? मधात भोक, भवती गोल कागद." मी म्हटलं, "त्याचं नाव कसं मावलं मग?" बाबा भल्या स्वभावाचे होते आणि त्या भलेपणाचा मला त्या काळात फार राग यायचा.

पुढच्या साठ वर्षांत या गाण्याचं काय काय झालं ते मी पाळत ठेवल्यासारखं पाहिलं आहे. केळापुऱ्याची तबकडी निघाली. ती मी पुढे दुर्गच्या एका दुकानात पाहिली, हातात घेतली आणि परत ठेवली. मग बँडवाल्यांनी ते वरातीत वाजवलं. नागपूरच्या एका बाईनं कॅसेट काढली, तीत व्हायोलिनच्या जागी बासरी. आता मी भिलाईतल्याच हुडको वसाहतीत राहते; परवा नात फोन घेऊन आली, "नानी, ये सुनो ना, कितना सुंदर है," आणि तेच गाणं, ढोलताशे घातलेलं, खाली नाव केळापुऱ्याचं. एकानंही तो थांबा परत मोकळा केला नाही. प्रत्येकानं काही ना काही कोंबलं. नातीला मी म्हटलं, बंद कर. ती बावरली. तिला काय माहीत!

मी आठवीत असताना आमच्या सेक्टरच्या गणेश मंडळानं केळापुऱ्यांना बोलावलं. आता ते प्रसिद्ध झाले होते. सकाळची ए शिफ्ट दोनला सुटायची, म्हणून तीन वाजता कार्यक्रम, म्हणजे सगळ्यांना येता येईल. पेटीला मीच बसावं असं मास्तरांनी निरोपात कळवलं होतं: "माझी शिष्या आहे." ढोलकीला बिसनकाका, बाबांच्या गँगमधले, आमच्या मंडळीचे पहिल्यापासूनचे ढोलकीवाले. निरोप आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी हो म्हटलं, फार गोड आवाजात म्हटलं. दोन आठवडे मी फक्त एवढाच विचार करत होते, काय करावं. आधी वाटलं, दोन पट्ट्या वरचा सूर द्यावा, अंतऱ्यात आवाज फाटेल. पण तो गळा बसल्याचं सांगून मोकळा झाला असता. मला त्याचा गळा नको होता. मला त्याच्या तोंडून मायचं नाव हवं होतं, मोठ्यानं, माइकवर, त्याच मैदानात. ते कसं मिळवायचं हे कळलं तेव्हा मी एकटीच हसले. मला काही करायचंच नव्हतं. काही न करणं एवढंच करायचं होतं. बिसनकाकांना सांगितलं तर म्हणाले, "मी त कधीचा तयार हाय, पोट्टे."

तीन वाजता मैदान भरलं. डबे हातात घेऊन माणसं सरळ गेटवरून आली होती, टोप्यांचे वळ कपाळावर तसेच. बाया सतरंजीवर, माय मधोमध. मास्तरांनी एक अभंग गायला, एक पद गायलं, मग हात जोडून म्हणाले, "आणि आता ते गाणं, ज्यासाठी तुम्ही सगळे आला आहात." त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पेटीवरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. बिसनकाकांनी ढोलकी मांडीवरून खाली उतरवली.

"वाजव, बेटा," मास्तर हळू म्हणाले.

मी माइककडे वाकले. "मास्तर, नाव राहिलं."

रीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. अर्धं मैदान दंडारीत वाढलेलं होतं. मास्तर हसले. "हां, हां. ही चाल तशी पारंपरिक आहे बरं का."

"नाई," मागून कुणीतरी म्हणालं. मग दोघं-तिघं म्हणाले.

मास्तरांनी घसा खाकरला. "आपले सीतारामजी लांजेवार, ह्यांचं हे गाणं."

बाबा मांडवाच्या खांबाशी उभे होते. भला माणूस, मला वाटलं, आता गप्प बसेल. पण बाबा खांब सोडून पुढे आले. "बोल माहे हायेत, मास्तर. चाल नाई. चाल कोनाची ते तुमाले मालूम हाय."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. तेव्हा मला समजलं, आणि माझ्याबरोबर सगळ्या मैदानाला समजलं, की ह्या माणसाला नाव येतच नव्हतं. त्यानं ते लपवलं नव्हतं, ते कधी ऐकून ठेवलंच नव्हतं. सहा महिने तिच्या हातचं जेवून ती त्याला "वहिनी" होती. मी तयारी केली होती ती लबाड माणसाला पकडायची. हा तर त्याहून वाईट निघाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सांग म्हणून, डोळ्यांनीच. मी ओठ मिटून घेतले आणि त्याच्या कपाळावरच्या गंधाच्या रेघेतून घाम उतरताना मन भरून पाहिला. इतकं सुख मला पुढे लग्नातही झालं नाही, हे लिहायला लाज वाटत नाही.

शेवटी तो बायांकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, क्षमा करा. आपलं शुभनाव सांगता?"

माय उठली. पदर सावरला. तिला माइक नव्हता, पण तिचा आवाज बांधीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा होता. "नाई सांगत," ती म्हणाली, आणि खाली बसली.

झालं. नाव नाही तर गाणं नाही. मास्तरांनी आणखी एक भजन म्हटलं, त्याला मी नीट साथ केली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. शाल दिली, नारळ दिला, आणि ज्या गाण्यानं ते मोठे झाले ते न म्हणता सेक्टर दोनमधून गेले. पण मी घरी आले ती रडत, पाय आपटत. माझा सगळा डाव मायनं उधळला होता. एक शब्द तिनं सांगितला असता तर त्याला तो उच्चारावा लागला असता, सगळ्यांसमोर. "कावून नाई सांगतलं?" मी ओरडले. तिनं मला ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव आधी."

दोन महिन्यांनी बाबांच्या नावे मास्तरांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, तबकडी नव्यानं निघणार आहे. आपल्या पत्नीचा नामनिर्देश करण्याची मनापासून इच्छा आहे. सेक्टरमध्ये चौकशी केली पण कोणी सांगेना. तरी कृपया नाव कळवावे. घरात पत्र वाचून दाखवायचं काम माझंच. मी मायला ते पत्र दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्या वेळी तिच्या सांगण्यावरून सावकाश. बाबा म्हणाले, "आता त देऊन टाक वो. माणूस स्वतः मागून राहिला. छापून येईन तुहं नाव." माझ्याही मनात आलं, आता मिळतंय, घ्यावं. छापलेलं नाव! मी वहीतलं पान फाडून दौत पुढे ओढली.

"लिही," माय म्हणाली. "मास्तर, आमालेबी तिचं नाव मालूम नाई."

बाबा हसले. मी लेखणी धरून बसले होते. म्हटलं, "माय, मंग रेकॉर्डवर जनमभर त्याचंच राहीन."

"राहू दे," ती म्हणाली. "नाव भेटलं तं तो छापन, हात जोडन, अन् निवांत झोपन. कावून झोपू देऊ त्याले?"

मी तसंच लिहिलं आणि पत्र टपालपेटीत टाकायला स्वतः गेले.